खूण पटल्याशिवाय

कल्याणप्पाचा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. अश्विनी पुनवेला तुळजापूरला कधी आला असाल, सोलापूरच्या बाजूनं चालून पायांना फोड आले असतील आणि बसस्टँडजवळच्या गर्दीत कुणाचा तरी हात सुटला असेल, तर ज्या आवाजानं तुमचं माणूस तुम्हाला परत दिलं तो कल्याणप्पाचा. एकदा मराठीत, एकदा कानडीत. गोड नाही, घोगरा नाही. घट्ट. घाबरलेल्या माणसाला धरायला कठडा लागतो, तसा. मोबाईल आले तरी हरवले-सापडले मंडप बंद पडला नाही, कारण एवढ्या गर्दीत रेंज सगळ्यात आधी हरवते.

बाकी वर्षभर तो रिक्षा चालवायचा. टपावर दोन भोंगे. धाराशिवचा साड्यांचा सेल, वाशीच्या बाजारात आलेलं नवं बियाणं, येडशीचे कबड्डीचे सामने, कुणाच्या वडिलांचा दहावा, सगळं त्याच एका आवाजात. माणूस मूळचा नळदुर्गाकडचा, लिंगायत. बायको इरम्मा अक्कलकोटची. दोघं घाटाकडच्या उतारावर दोन खोल्यांत राहतात. मूलबाळ नाही. मी कुंकू-बांगड्या विकणाऱ्या बायकांची संघटना चालवते, त्यामुळं यात्रेत माझा मुक्काम त्याच्या मंडपाला लागूनच. मी त्याला अरेतुरे करते, तो मला अक्का म्हणतो.

हरवले-सापडले मंडपात त्याचा एकच नियम. खूण पटल्याशिवाय माणूस द्यायचं नाही.

"पोरीच्या अंगात लाल फ्रॉक हाय," बाई रडत सांगायची.

"ते मलाबी दिसतंय. झाकलेलं सांगा, बाई."

एका वर्षी एक माणूस आला. इस्त्रीचा सदरा, कपाळाला कुंकू, हातात प्रसादाची पुडी. मंडपात बसवलेल्या एका लहान मुलीकडं बोट करून म्हणाला, माझी भाची. नावही बरोबर सांगितलं.

"नाव तर मीच भोंग्यावर सांगितलंय," कल्याणप्पा म्हणाला. "झाकलेलं सांगा."

तो माणूस हसला. "बायकोला ठाऊक असंल, तिला घेऊन येतो," म्हणाला आणि गर्दीत शिरला. परत आला नाही. ती मुलगी त्याच्याकडं बघून रडलीही नव्हती आणि हललीही नव्हती, एवढं माझ्या डोळ्यांपुढं आहे. दिवस मावळायला तिची आजी आली, डाव्या कानामागचा तीळ सांगितला, आणि पोरीला छातीशी धरून जागच्या जागी खाली बसली. तो माणूस कोण होता, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. कधीकधी मला वाटतं, तो अजून त्या गर्दीतच कुठंतरी प्रसादाची पुडी घेऊन हिंडतोय.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते कल्याणप्पाला ह्याच हिशेबानं कळलं.

गेल्या वर्षीची पुनव. दसऱ्यानंतर देवी पलंगावर निजते ती पुनवेलाच उठते. त्या दिवसांत गावात लाखानं माणूस असतं, तरी ज्यांना गाव माहीत आहे त्यांना त्या गोंगाटाखाली एक शांतता ऐकू येते. सकाळी कल्याणप्पाचा आवाज नेहमीसारखा होता. दुपार कलली तशी अक्षरं विरघळायला लागली. आधी ‘ड’ गेला, मग ‘ळ’. मग शब्द तोंडातून यायचे थांबून नाकातून यायला लागले. मला वाटलं भोंग्यात पाणी शिरलं. पण चौकाचौकांत भोंगे होते आणि सगळ्यांतून तेच. विहिरीत तोंड घालून कुणीतरी हरवलेल्यांची नावं घेतंय आणि एकही नाव ओळखू येत नाही, असं. चालणारी माणसं थांबली. वर भोंग्याकडं बघायला लागली. एका बाईनं आपल्या लेकराचे कान झाकले.

मी माझा बांगड्यांचा गाडा सोडून मंडपात गेले. कल्याणप्पाची उजवी पापणी अर्धी खाली आली होती. एका हातानं तो तोच डोळा झाकून माईकवर बोलत होता.

"डोळा का झाकलास रे?"

"दोन दिसत्यात, अक्का," तो नाकातून म्हणाला. "समदी माणसं दोन-दोन दिसत्यात. त्यातलं खरं कुठलं, त्येच कळंना."

कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती, कर्नाटकातल्या आळंदच्या बाजूची, लेकाची वाट बघत. सकाळपासून ती ह्याचीच कानडी ऐकत होती. आता ती उठून उभी राहिली, हात लांब करून त्याच्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "इंव अल्ल. इंव अल्ल." हा तो नव्हे. मग मंडपातल्या खुर्च्यांच्या मागं, पडद्याच्या मागं, सकाळचा माणूस शोधायला लागली.

तेवढ्यात तात्या आले. मंडप घालणाऱ्या मंडळाचे तात्या म्हणजे कर्ते-करविते. माणूस वाईट नाही, पण त्यांना मंडळाचं नाव माणसापेक्षा मोठं वाटतं.

"देवीच्या दारात पिऊन बसलास, कल्याण?"

"वास घ्या की, तात्या," मी म्हणाले. "नाक हाय ना?"

"हल्लीच्या दारूला वास नसतो, अक्का."

"तुमाला बरं ठाऊक!"

बघणारे हसले. कल्याणप्पालाही हसू आलं, आणि तिथंच घात झाला. त्याचे गाल वर गेलेच नाहीत. नुसता वरचा ओठ मागं सरकला आणि दात उघडे पडले. कुत्रं गुरकावतं तसं ते तोंड दिसलं. तात्या दोन पावलं मागं सरले. बघणाऱ्यांचं हसू जागच्या जागी विझलं.

त्याला माईकवरून उठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी झोपून उठला तर आवाज घट्ट, पापणी जागेवर, चेहरा स्वतःचा. सगळ्यांनी एकच अर्थ काढला. रात्रीतून उतरली.

गावात नाव पडलं, बेवडा कल्याणप्पा. ज्यानं आयुष्यात चहासुद्धा कपभर पुरा घेतला नाही, गळ्यातलं लिंग हातात घेऊन पूजा केल्याशिवाय जो पाणी पीत नाही, तो बेवडा. पोरं रिक्षामागं नाकात बोलत पळायची. सेलवाल्यांनी दुसरी रिक्षा धरली. ह्या सगळ्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्याचं मागणं एकच होतं आणि ते त्यानं मला स्वच्छ सांगितलं. "अक्का, पुढच्या पुनवेला मला माईकवर बसायचंय. आनि बेवडा म्हणून न्हाय."

हिवाळ्यात एकदा इरम्मा माझ्या घरी आली. बसली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"अक्का, सकाळी माझा नवरा असतोय. दिवस कलला की दुसराच कोनतरी त्येच्या जागंवर बसतोय."

मी चिडले. "तू पण त्या बाहेरच्या-बिहेरच्या गोष्टी करायला लागलीस का?"

"तुमी या आनि बघा."

मी गेले. ऊन भिंतीवरून उतरत होतं. घरातला आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवलेला. कल्याणप्पा ताटावर बसला होता आणि डाव्या हातानं खालचा जबडा वर ढकलून ढकलून घास चावत होता. जबडा त्याचा त्याला उचलत नव्हता. पाणी प्यायला तर ते नाकातून बाहेर आलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. राग नाही, लाज नाही, ओळख नाही. डोळे तेवढे जिवंत, तेही अर्धे. मुखवट्याच्या भोकांतून कुणीतरी बघावं तसे. मी बोलत होते, तो बघत होता, आणि मला पहिल्यांदा त्या घरात एकटं थांबायची भीती वाटली. मला, जिनं पोलिसांच्या गाडीपुढं आडवं पडून दाखवलंय.

जेवण झाल्यावर त्यानं खांद्यावरचं उपरणं घेतलं, हनुवटीखालून वर नेलं आणि डोक्यावर गाठ मारली. जबडा लोंबकळू नये म्हणून. आपल्याकडं असं कुणाचं बांधतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. इरम्मा भिंतीकडं तोंड करून बसली.

"पयल्यांदा बांधलं त्या राती म्या किंचाळले," ती हळू म्हणाली. "शेजारी पळत आले, त्यांनाबी वाटलं गेला."

डॉक्टर केले नव्हते असं नाही. एकानं शक्तीच्या बाटल्या लावल्या. एक म्हणाला, अशक्तपणा. एकानं तर नीट तपासून, हातपाय ताणून बघून सांगितलं, मनाचं आहे, कामधंद्यात मन रमवा. मी त्या डॉक्टरांना मनातल्या मनात शिव्या घालत होते, तेव्हा इरम्मानंच बोलता बोलता एक वाक्य टाकलं.

"त्येंचं तरी काय चुकलं? आमी न्हेतो सकाळचा मानूस. आजारी हाय तो दुसराच."

मी जागची उठले. आपल्याकडं डॉक्टरकडं जायचं म्हणजे पहिल्या एसटीनं. अंघोळ करून, देवाला नमस्कार करून, स्वच्छ सदरा घालून, नंबर लवकर लागावा म्हणून. म्हणजे रात्रभर विश्रांती घेतलेला, खडखडीत बरा कल्याणप्पा आम्ही दरवेळी डॉक्टरपुढं नेऊन उभा करत होतो, आणि आजार घरी ठेवून जात होतो. हा गाढवपणा डॉक्टरांचा नव्हता. आमचा होता.

मग आम्ही उलटं केलं. दुपारच्या गाडीनं आम्ही तिघं धाराशिवला निघालो आणि मी त्याला सगळ्या वाटेत बोलायला लावलं. गप्प झाला की भांडण उकरून काढायचं. तात्यांची बाजू घेतली, कानडी माणसाला भाकरी थापता येत नाही म्हणाले, लिंगायतांच्या जेवणात तिखट नसतं म्हणाले. तो बिचारा हातवारे करून भांडत होता. निम्म्या वाटेतच आवाज नाकात गेला, घाट चढून वर येईतो शब्द गेले. पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं वळून बघितलं आणि उठून दुसरीकडं जाऊन बसली.

दवाखान्यात डॉक्टर भैरवी निघायच्या बेतात होत्या. तरुण पोरगी, खांद्यावर पर्स, हातात गाडीची किल्ली. शिपाई म्हणाला, उद्या सकाळी या. मी दारात आडवी उभी राहिले.

"सकाळी हा माणूस नसतो," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं, त्याच्या पापणीकडं. किल्ली टेबलावर ठेवली. "आत या."

आत त्याला बसवून म्हणाली, "काका, काम काय करता?"

त्याला सांगता येईना. मी सांगितलं.

"मग तीच घोषणा करा. मी थांबा म्हणेपर्यंत."

थोडा वेळ तिनं त्याला गप्प बसवलं होतं, तेवढ्या विसाव्यानं सुरुवातीचे शब्द नीट आले. "हरवलेल्या माणसांच्या नातेवाइकांनी मंडपात यावं. येताना खूण..." पुन्हा तेच. पुन्हा तेच. एकेक फेरीला आवाज पातळ होत गेला, वाफ उडावी तसा. शेवटी ओठ हलत होते आणि नुसता वारा येत होता. बाहेर बाकड्यावरची माणसं दारात गोळा झाली. कुणी हसलं नाही. उजवी पापणी आता पूर्ण मिटली होती.

"बर्फ आणा," डॉक्टर म्हणाली.

"सरबत करायचंय?" मी फणकारले.

"आणा तर आधी, मावशी."

दवाखान्यातल्या फ्रिजची किल्ली घेऊन कुणीतरी घरी गेलं होतं. समोर रसवंती होती. तिथून मी पदरात बर्फाचा खडा आणला. तिनं तो हातमोज्यात भरून गाठ मारली आणि त्या मिटलेल्या डोळ्यावर धरून ठेवला. पाणी त्याच्या गालावरून, गळ्यावरून, लिंगाच्या दोऱ्यावरून ओघळत होतं.

तिनं बर्फ काढला. आणि ती मेलेली पापणी आमच्या सगळ्यांच्या देखत वर गेली. हळूहळू. आतून कुणीतरी शटर उचलावं तशी. खालून डोळा दिसला, पाणावलेला, आणि तो इरम्माकडं बघत होता.

इरम्मानं माझा दंड धरला. तिच्या नखांच्या खुणा आठवड्यानंतरसुद्धा माझ्या दंडावर दिसत होती.

रक्त तपासायला गेलं आणि नाव कळलं, मायस्थेनिया ग्रेव्हिस. डॉक्टर भैरवीनं ते कसं सांगितलं ते मी सांगते. पुढं मी वाचनालयात बसून जाड पुस्तकातही बघितलं आणि तिनं एक शब्द खोटा सांगितला नव्हता. सातवी शिकलेल्या बाईनं शरीरशास्त्र सांगू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी पान उलटावं.

"काका, आपल्या अंगात पहारेकरी असतात," ती म्हणाली. "कातडी म्हणजे तटबंदी. ती फाटून पायात काटा घुसला की तिथं लाल होतं, सुजतं, पू होतो. तो पू म्हणजे बराचसा लढून मेलेल्या पहारेकऱ्यांचाच. ताप येतो, तोही जंतूंना जड जावं म्हणून अंगच भट्टी पेटवतं. आणि एकदा बघितलेलं तोंड ते सहसा विसरत नाहीत. म्हणून गोवर एकदा आला की पुन्हा येत नाही. लस म्हणजे रोग यायच्या आधीच त्यांना त्याचं तोंड दाखवून ठेवायचं."

"पन ते वळखत्यात कशावरनं?" सकाळची वेळ होती, त्याला बोलता येत होतं.

"खुणेवरून. आपल्या प्रत्येक पेशीवर बारीक खुणा असतात. आपलं कोण, परकं कोण, हे त्यावरून ठरतं."

कल्याणप्पा खुर्चीत पुढं सरकला. "झाकलेली खूण?"

"डोळ्यांना दिसत नाही. झाकलेलीच म्हणा."

तो खूश झाला. खरंच खूश झाला. आपल्या अंगात आपल्यासारखेच बसलेत, मंडप घालून, हे त्याला लई आवडलं. डॉक्टर मात्र खाली बघत होती.

"मेंदूचा निरोप नसेतून स्नायूपर्यंत येतो. स्नायूवर त्याच्यासाठी कुलूप असतं आणि निरोप ही किल्ली. तुमच्या पहारेकऱ्यांनी त्या कुलपालाच परकं ठरवलंय. ते अशी द्रव्यं तयार करतात की ती जाऊन कुलपाला चिकटतात, कुलूप बुजवतात, मोडतात. विश्रांती घेतली की उरलेल्या कुलपांवर काम भागतं. बोलत राहिलात, चावत राहिलात, की निरोप अपुरा पडतो. थंडीनं त्याला थोडा जोर येतो, म्हणून बर्फ."

कल्याणप्पा म्हणाला, "म्हंजी बाहेरचं कोन आलंच न्हाय."

"नाही."

"माज्याच मानसांनी खूण चुकवली."

"हो, काका."

त्या क्षणी त्याचा चेहरा पडला, आणि तो काही स्नायूंनी पडला नव्हता. त्याच्या मंडपात आजवर जी एक गोष्ट झाली नव्हती, ती त्याच्या स्वतःच्या अंगात रोज होत होती. आपलं माणूस परकं म्हणून हाकललं जात होतं. मला तो प्रसादाची पुडी घेतलेला माणूस आठवला. इथं तर तो आलाही नव्हता आणि पोर गेलं होतं.

"ह्या पहारेकऱ्यांची एक शाळा असते," डॉक्टर म्हणाली. "आपलं-परकं ते लहानपणी तिथंच शिकतात. छातीच्या हाडामागं. थायमस म्हणतात. तुमच्या छातीच्या फोटोत तिथं गाठ आहे. शिकवणीत तिथंच काहीतरी बिघडलंय असं दिसतं. ती काढावी लागेल."

कल्याणप्पानं सदऱ्यात हात घालून जागा चाचपली. "लिंगाच्या मागंच की," तो म्हणाला.

मग एकदम संतापला. "समदेच काढा मंग. असले पहारेकरी ठिवायचे कशाला?"

"सगळे काढले तर साधी सर्दी तुम्हाला घेऊन जाईल. त्यांना काढता येत नाही. गोळ्यांनी पेंगवता येतं. पेंगले की तुमच्या कुलपांना कमी त्रास. पण मग खरा चोर आला तरी ते पेंगलेलेच असणार. म्हणून गर्दीत जायचं नाही, खोकणाऱ्याजवळ बसायचं नाही. ताप आला तर त्याच दिवशी यायचं, आणि मला विचारल्याशिवाय कुणाचं औषध घ्यायचं नाही. काही अँटिबायोटिकसुद्धा तुमचा श्वास बंद करू शकतात."

"गर्दीत जायचं न्हाय," कल्याणप्पा म्हणाला. बाकीचं त्यानं ऐकलंच नसावं.

आषाढात सोलापूरला ऑपरेशन झालं. छाती उभी उघडली, गाठ काढली, तारांनी हाड शिवलं. लगेच बरं वाटेल असं नाही, महिने जातील, असं तिथल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तसंच झालं. निरोपाला जोर देणारी एक वेगळी गोळी होती, ती घेतली की पाऊण तासानं आवाज यायचा, काही तास राहायचा, मग ओसरायचा. घरात तो गोळीची वाट बघत बसायचा, पाहुण्याची बघावी तशी. संध्याकाळचा तो दुसरा माणूस कमी वेळ येऊ लागला. पण येतच राहिला.

मी डॉक्टरांचा कागद घेऊन तात्यांकडं गेले. त्यांनी तो दोनदा वाचला, कपाळाला लावला. "चुकलं आपलं," म्हणाले. मला बरं वाटलं. मग म्हणाले, "पण अक्का, आता त्याला कशाला तरास द्यायचा? आवाज आहे की आपल्याकडं."

"कुठं?"

त्यांनी मोबाईल काढला. मागच्या कुठल्यातरी यात्रेचं रेकॉर्डिंग. कल्याणप्पाचा जुना आवाज, घट्ट, ठणठणीत. "आपापल्या माणसाचा हात सोडू नका. हात सुटला तर घाबरू नका. मंडपात या. मी इथंच हाय." मग तेच कानडीत.

"हेच लावू दिवसभर," तात्या समाधानानं म्हणाले. "नावं वाचायला कुणीही चालतं."

मी त्यांना काय बोलले ते इथं लिहीत नाही.

ह्या वर्षीची पुनव आली. डॉक्टर भैरवीनं कडक अटी घातल्या होत्या. मास्क काढायचा नाही, उघड्या हवेत बसायचं, लोकांपासून लांब. आम्ही त्याची खुर्ची मंडपाच्या मागच्या कडेला टाकली, एकीकडं इरम्मा, एकीकडं मी. सकाळची गोळी लागू पडलेली, आवाज खणखणीत. मी म्हणाले, "जा, आता बोल. माईक मी मिळवून देते, तात्यांना मी बघते."

त्यानं मान हलवली. "आत्ता न्हाय, अक्का. सकाळचा आवाज ऐकवून काय उपेग? डॉक्टरलाबी आपुन सकाळचा मानूस दावत हुतो."

आणि बसून राहिला. दिवसभर चौकाचौकांतून त्याचा आवाज येत होता. "घाबरू नका. मी इथंच हाय." आणि तो आमच्या दोघींच्या मध्ये तोंड मिटून बसलेला. ऊन कललं. मधली गोळी त्यानं खिशातून काढली, बघितली आणि परत खिशात घातली. मी हात पुढं केला तर इरम्मानं मला डोळ्यांनी दटावलं. पापणी उतरायला लागली. त्यानं कोपर मांडीवर टेकून हनुवटी तळहातावर घेतली. वरून भोंगा म्हणाला, "मी इथंच हाय." इरम्मा दचकून उठली आणि भोंग्याच्या दिशेनं गर्दीत त्याला शोधायला लागली. तो तिच्या शेजारी बसला होता. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. तो हात गार होता.

आत खुर्च्यांवर हरवलेली माणसं बसली होती. दोन लेकरं, एक म्हातारा. ती सगळी भोंग्याकडं बघत होती. त्या आवाजाच्या मालकाकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

दिवे लागायच्या सुमाराला कल्याणप्पा उठला. हनुवटी हातात धरून, उजवी पापणी अर्धी उतरलेली, तो चालत माईकपाशी गेला. तात्या "अरे, अरे" करत आडवे आले. त्यानं मोबाईलची वायर उपसली.

भोंगे गप्प झाले. दिवसभर वाजणारी गोष्ट थांबली की कानात जी पोकळी होते, ती सगळ्या गावात झाली. माणसं जागच्या जागी थांबली. त्या शांततेत माईकवर आधी नुसता श्वास ऐकू आला. मग तो आवाज. मागच्या वर्षीचाच. नाकातला, पातळ, विहिरीतला.

"एक... मानूस सापडलाय," तो म्हणाला.

तात्यांचा हात बटणाकडं गेला. मी त्यांचं मनगट धरलं. "हात लावून बघा," मी म्हणाले. त्यांनी लावला नाही.

"नाव कल्यानप्पा. वय बावन्न." एकेक शब्द तो ओठांवर आणून ठेवत होता. "उजवी पापनी पडलेली. गळ्यात लिंग. लिंगामागं... टाक्यांचा वन." मध्ये थांबला, जबडा वर ढकलला. "दारू पिलेला न्हाय. मागच्या साली बी न्हवता पिला. त्येच्याच आतल्या मानसांनी त्येला वळखलं न्हाय. ज्याचा असंल... त्यानं येऊन न्यावा."

मग हेच कानडीत. कानडी निम्मी वाऱ्यातच गेली.

कुणी हललं नाही. रस्त्यावर एवढी माणसं आणि सगळी तोंडं वर, भोंग्याकडं. माझ्या गाड्यावरच्या काकणांचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. मला वाटलं, आता कुणी येतच नाही. हा माणूस असाच उभा राहणार, अर्ध्या डोळ्यानं बघत, आपली खूण सांगून, आणि गर्दी पुन्हा चालायला लागणार.

इरम्मा उठली. पदर सावरून, मंडपाला वळसा घालून, पुढून आली. बाकीचे नातेवाईक यायचे तशी, टेबलाच्या त्या बाजूला उभी राहिली.

"माजा हाय," ती म्हणाली.

कल्याणप्पानं तिच्याकडं बघितलं. त्याला त्या वेळी दोन इरम्मा दिसत असणार. त्यानं हात उचलून एक डोळा झाकला. माईक चालूच होता.

"पापनी न्... वन तर मीच सांगितला," तो म्हणाला. "झाकलेलं सांगा, बाई."

"रातच्याला हनुवटी बांधून निजतो," इरम्मा म्हणाली, आणि ते गावभर ऐकू गेलं. "पयल्या राती म्या किंचाळले. आता गाठ मीच मारते."